चेंबर नंबर दोनमधलं प्रवचन

तृष्णा सुटली की दुःख संपतं. हे अंतिम सत्य सुगत सोनकांबळे नांदेडच्या एका विहारात दर रविवारी सकाळी सांगत असे. उरलेले सहा दिवस तो अर्धापूरला केळी पिकवत असे.

हिरवी केळी थंडगार चेंबरमध्ये कोंडायची, गॅस सोडायचा, चार-पाच दिवसांनी पिवळी करून बाहेर काढायची, अशी त्याची सुपरवायझरची नोकरी. विहार कमिटीला बोलणारा माणूस हवा होता; सुगत बी.ए. होता आणि रविवारी त्याला जायला दुसरी जागा नव्हती. आई गेल्यापासून खोलीत त्याचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. विहारात निदान तासभर लोक त्याच्याकडे तोंड करून बसत. त्या तासाची तयारी तो आठवडाभर करी, तीही चेंबरमध्ये, तापमान तपासता तपासता, क्रेटच्या रांगांसमोर उभा राहून. केळी शांतपणे ऐकत. खोकतसुद्धा नसत.

एका मंगळवारी चेंबर नंबर दोनमध्ये तो "उपासक-उपासिकांनो, आसक्ती म्हणजे..." इथवर आला आणि मागून आवाज आला —

"केळ्यांना धम्म सांगून राहिलात का?"

दारात एक मुलगी उभी होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांत एक पेन खोचलेलं.

"तापमान बघत होतो," सुगत म्हणाला.

"मोठ्यानं?"

ती लुंबिनी. गाव उदगीर, लातूरच्या आयटीआयला फ्रिज-एसीचं काम शिकलेली, आता नांदेडला होस्टेलवर राहून एका ठेकेदाराकडे नोकरीला. दोन नंबरचा कंप्रेसर बंद पडला होता, तो बघायला आली होती. अर्ध्या तासात तिनं तो सुरू केला. थंडीतून बाहेर उकाड्यात येताच तिच्या चष्म्यावर वाफ धरली. तिनं तो काढून ओढणीनं पुसला, आणि तेवढ्या वेळात सुगतनं तिचे डोळे पाहून घेतले... आसक्तीवरचा पुढचा मुद्दा त्याला त्या दिवशी आठवला नाही.

रविवारी ती विहारात आली. पांढरी साडी, उपासिकांच्या तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून.

"होस्टेलची मेस रविवारी बंद असते," प्रवचनानंतर ती म्हणाली. "खोलीत बसून भिंत बघायची, त्यापेक्षा इथं आले. झोप छान लागते हो तुमच्या प्रवचनात."

"तुम्ही तर जाग्या होतात."

"मला दिवसा झोप येत न्हाई. नशीब तुमचं." मग जरा थांबून, "बोलताना कुणाकडं बघून राहता तुम्ही?"

"मागच्या घड्याळाकडं. एकाच माणसाकडं बघितलं की बाकीच्यांना परकं वाटतं. कमिटीनं पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"आणि घड्याळाला काय वाटतं?"

या प्रश्नावर सुगतनं सोमवारी चेंबरमध्ये बराच विचार केला.

कंप्रेसर मात्र गुणी निघाला. आठ-दहा दिवस चालायचा, मग बंद पडायचा. मालक वैतागला होता. सुगतही मालकासमोर वैतागायचा, आणि फोन लावायला सगळ्यांत आधी धावायचा. ती यायची, नट ढिले करता करता येत्या रविवारचा विषय विचारायची.

"या बारीला काय?"

"अनित्यता."

"लई जड. तुम्हाला ठाऊक असलेलं काहीतरी बोला की. घरी गेल्यावर काय करता?"

"खातो. झोपतो."

"बोलायला कोण?"

सुगतनं टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. "केळी आहेत ना."

ती हसली नाही. चष्मा धूसर नसतानाही पुसत राहिली.

पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपत आला तेव्हाची गोष्ट. गुरुवारी कंप्रेसरचं झाकण लावताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उदगीरला पाव्हणे येऊन गेले. मुलगा लातूरचा हाय, तलाठी. घरचे म्हणून राहिले, रविवारी दुपारपर्यंत काय ते कळव."

"मग?"

"मग काय... तुमचं काय म्हणणं?"

बाहेर क्रेट आपटल्याचा आवाज आला. सुगतच्या तोंडात एक साधं वाक्य तयार होतं. पण गेली तीन वर्षं महत्त्वाचं असं काहीही तो रविवारीच बोलत आला होता.

"रविवारी सांगतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवार-शनिवार त्यानं जी तयारी केली तशी कधी केली नव्हती. रविवारी विहार भरला होता. ती तिसऱ्या रांगेत, खांबापाशी. सुगतनं माईक हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं आणि एकटेपणावर बोलला.

"माझ्या खोलीत दोन ताटं आहेत. एकात मी जेवतो. दुसऱ्यात कुणी जेवत नाही, तरी दर रविवारी मी ते घासून ठेवतो... धूळ बसते म्हणून. कुलूप काढताना मी आत हाक मारतो. आतून कुणी ओ देणार नाही हे ठाऊक असतं. असं जगणं मी आता सोडणार आहे. आजपासून. कुणासाठी, ते इथल्या एका माणसाला कळेल."

विहारात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पडल्या त्या पहिल्या रांगेतल्या सिंधुमावशी — उठून सरळ बुद्धमूर्तीपुढे, पंचांग प्रणाम घालत.

"भगवंतासाठीच की रे लेकरा!" त्या रडू लागल्या. "सुगतबाळ घरदार सोडून राहिला गं! चीवर घेऊन राहिला!"

"साधू! साधू! साधू!" सगळा विहार म्हणाला.

पुढच्या आठवड्यात श्रामणेर शिबिर होतं. दहा दिवस मुंडन करून, चीवर घालून भिक्षूसारखं राहायचं. विहारातून एकानंही नाव दिलं नव्हतं, म्हणून कमिटीचे अध्यक्ष आनंदराजकाका काळजीत होते. ते काळजीतून मोकळे झाले, आणि त्यांनी माईक काढून घेतला. सुगत "काका, तसं नाही..." म्हणाला, पण माईकशिवाय त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नसे. त्याला हार घातला गेला. मग दुसरा.

तो बाहेर धावला तेव्हा लुंबिनी चपलांपाशी उभी होती, हातात फोन.

"ते तुम्हाला होतं," तो धापा टाकत म्हणाला. "सगळं. तुम्हालाच होतं."

ती त्याच्या गळ्यातल्या हारांकडे बघत राहिली. "मला बी आधी तसंच वाटलं होतं. मग सिंधुमावशी बोलल्या. सगळे साधू साधू म्हणाले. तुम्ही हार घालून घेतला."

"काका ऐकेनात."

"एकदा माझ्याकडं बघितलं असतं, सोनकांबळे सर... एकदा. मला काकांचं ऐकायला लागलं नसतं."

"आता बघतोय."

"आता घरी फोन करून आले." तिनं चप्पल पायात सरकवली. "मी हो म्हणाले. आई रडली आनंदानं. तिला परत काय सांगू?"

सुगतनं हार काढून हातात घेतले. या उत्तराची तयारी नव्हती.

सोमवारी ती अर्धापूरला आली, ती नवाकोरा कंप्रेसर घेऊनच. सुगतनं टॉर्च धरला. चेंबरला पिकायला लागलेल्या केळ्यांचा गोड वास येत होता.

"हा पहिल्याच दिवशी बदलायला पायजे होता," शेवटचा नट आवळत ती म्हणाली.

"मग बदलला का नाहीत?"

"नवा बसवला असता तर मला यायला लागलं नसतं." बाहेर आल्यावर तिनं चष्मा पुसला. या वेळी जरा जास्तच वेळ. "येते मी."

शिबिराला सुगत जाऊन आला. केस पुन्हा वाढले. दर रविवारी तो तृष्णेवर बोलतो. आता घड्याळाकडे बघत नाही, तिसऱ्या रांगेतल्या खांबाकडे बघतो. रोज सकाळी कामावर आला की आधी दोन नंबरला कान लावून उभा राहतो.

कंप्रेसर एकदाही बंद पडलेला नाही.