निरोगी घराणं

“पेपरवर पाय नका देऊ.”

मल्लेश दुपारच्या जेवणाला घरी आला, तेव्हा स्वतःच्याच घरात त्याचं स्वागत असं झालं. पुढच्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर एक काळी बॅग, आणि बॅगेशेजारी निळ्या गणवेशातली एक मुलगी, मोरीतून कोपरापर्यंत हात धुऊन आलेली, ओले हात हवेत धरून उभी. केसांची एक बट तिच्या कपाळावर आली होती. हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं ती फुंकरीनं उडवली. बट उडाली… आणि होती तिथंच परत आली. मल्लेशला वाटलं, हे बघत दिवसभर उभं राहायला आपली हरकत नाही. मोटारी काय, जळतच असतात.

सात रस्ता चौकाजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उजनीच्या काठावरचे बागाईतदार जळलेले पंप आणून टाकायचे, तो आत नवी तार भरून द्यायचा. या धंद्यात हात कायम काळे राहतात, आणि मुलींच्या बापांची नजर का कोण जाणे, आधी हातांवरच जाते. त्यामुळे मल्लेशचं लग्न रखडलं होतं आणि त्याची आई दानम्मा हिनं ते काम बसूमामाकडं सोपवलं होतं. बसूमामानं आठवड्यापूर्वी सांगितलं होतं की वैरागकडची एक मुलगी आहे, नर्सिंगला आहे; हल्ली मुलीकडचे न सांगता येऊन घर बघून जातात, तेव्हा तयारीत राहा. तेव्हापासून दानम्मा रोज सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून तयारीत राहत होती.

आणि आज दारात मुलगी उभी राहिली. नर्सिंगची. गाव विचारलं तर वैराग. दानम्मानं तिचा हात धरला तो थेट पोह्यांच्या ताटलीशी सोडला.

मुलगीही चौकस निघाली. घरात माणसं किती, कमावती किती, घर स्वतःचं की भाड्याचं, कुणाला व्यसन, घराण्यात काही आजार, नात्यात लग्न झालंय का. मुलीकडच्या शहाण्या माणसानं विचारावं तेच आणि त्याच क्रमानं. दानम्मा भराभर सांगत होती. व्यसन न्हाय. आजार तर माहीतच न्हाय. नात्यात लग्न? न्हाय बा. कोपऱ्यात बसलेल्या निंगप्पानं हे ऐकून मान खाली घातली, कारण तो दानम्माचा नवरा होता आणि सख्खा मामाही होता.

मल्लेशही खूश होता. पण मुलीनं “सांडपाणी कुठं जातं?” असं विचारलं तेव्हा त्याला पहिली शंका आली. स्थळ बघायला येणारे गटारीपर्यंत जात नाहीत.

तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला आणि सगळं कळलं. शिवलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या नियमानं प्रत्येक मुलीनं वस्तीतलं एक कुटुंब दत्तक घ्यायचं, आठवड्यातून दोनदा जायचं, घरातला आजार शोधायचा, त्यावर काम करायचं. मग मॅडम येऊन तपासणार आणि त्यावर परीक्षेला बसायला मिळणार. तिला दिलेल्या घराला कुलूप होतं. मंडळी केळी काढायला गावी गेलेली. म्हणून तिनं शेजारचं दार वाजवलं.

“बाकी दारांत आम्हाला कुणी पाणी विचारत नाही,” ती म्हणाली. “तुमच्या आईंनी पोहे दिले. शेंगा चटणी तर बांधून दिली.”

इथं मल्लेशनं खरं सांगायला हवं होतं. त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात तिनं पुन्हा ती बट फुंकरली.

“मग आमचंच घर घ्या की दत्तक,” तो म्हणाला.

“चालेल?”

“दत्तक म्हणजे… मलापण धरून?”

“घरातल्या सगळ्यांना,” ती गंभीरपणे म्हणाली आणि गालातल्या गालात हसत रिक्षात बसली.

पुढचे दिवस घरातल्या प्रत्येकाला जड गेले. दानम्माला चांगली जुनी शुगर होती. पण मुलगी यायच्या आधी गोळ्यांच्या पट्ट्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात जायच्या, आणि आपल्याला काही नाही हे ठसवण्यासाठी दानम्मा तिच्यासमोर दोन चमचे साखरेचा चहा प्यायची, वर पेढा खायची. निंगप्पाची तंबाखू जप्त झाली. त्याऐवजी तो लवंग चघळत, डोळ्यांत पाणी आणून बसायचा. शिवलीलानं त्याचे डोळेही तपासले, ठणठणीत निघाले. इकडं ती रडकुंडीला आली. महेश्वरी मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की निरोगी कुटुंब कॉलेजच्या काही कामाचं नाही. आजार आण, नाहीतर परीक्षा पुढच्या खेपेला.

मल्लेशनं स्वतःला पुढं केलं. पाठ दुखते म्हणाला, तिनं व्यायाम दिले. चक्कर येते म्हणाला, तिनं ब्लडप्रेशर घेतलं. ते बरोबर आलं. शेवटी तो म्हणाला, छातीत धडधडतं. तिनं मनगट धरलं. पंखा बंद होता, गल्लीत कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, तिची बोटं थंड होती… आणि ती घड्याळाकडं बघत ठोके मोजत राहिली.

“एकदम नॉर्मल,” ती म्हणाली, जरा दुखावल्यासारखी. “एवढं नॉर्मल कुणाचं नसतं.”

“मला आतून धडधडतंय.”

“आतूनच मोजतात ते.”

प्रेमकथेतल्या नायकाची नाडी अशी ऐन वेळी दगा देते, हे मल्लेशला कुणी सांगितलं नव्हतं. तो दोन दिवस स्वतःच्या हृदयावर नाराज होता.

मग एका गुरुवारी जाता जाता शिवलीला उंबऱ्याबाहेर थांबली. दानम्माच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. चप्पल चावली, असं दानम्मा तीन खेपा सांगत होती आणि तिन्ही खेपा जखम वाढलेली होती.

“खरं सांगा,” ती हळू आवाजात म्हणाली. “काकूंना शुगर आहे का?”

मल्लेशच्या घशाशी ‘हो’ आला. पण ‘हो’ म्हणजे आई उघडी पडणार, लग्नाचा घोळ बाहेर येणार, आणि ही मुलगी हसेल किंवा चिडेल. दोन्हीत ती परत येणार नाही.

“नाही,” तो म्हणाला.

“मग ठीक.” तिनं बॅग खांद्याला अडकवली. “उद्या सकाळी मॅडम येतायत. काही निघालं नाही, तर माझं अर्धं वर्ष गेलं. ते जाऊ द्या. पण शुगर असती ना… तर त्या पायाकडं असं बघत बसणं बरं नव्हतं. लोकांची बोटं जातात.”

तिनं हे त्याच्याकडं न बघता सांगितलं. ती गेली. पाठीमागं आत दानम्मा कपातली उरलेली साखर बोटानं चाटत होती.

सकाळी मल्लेशनं आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती मुलगी स्थळ बघायला आलेली नाही, अभ्यासाला येते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

निंगप्पानं निमूटपणे लवंग थुंकली.

“म्हंजे,” दानम्मा म्हणाली, “इतके दिवस मी साखरेचा चा फुकट पिले?”

“होय.”

“आन त्या पोरीला आजार पायजे?”

“होय.”

“आरं, मग आधी बोलायचं की. आपल्याला काय तोटा हाय?”

महेश्वरी मॅडम आल्या, शिवलीला मागं उभी राहिली, आणि दानम्मा सुटली. ज्वारीच्या डब्यातून तिनं गोळ्यांच्या पट्ट्या उपसून मॅडमपुढं मांडल्या, पीठ झटकून. मग ब्लडप्रेशर. मग निंगप्पाची तंबाखू, त्याची मूळव्याध, आणि हा आपला सख्खा मामा असल्याचं सांगताना तर तिचा सूर विशेष लागला. मॅडम भान हरपून लिहून घेत होत्या.

एवढ्यात दारात एक टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको येऊन उभी राहिली. दानम्माला वाटलं, कॉलेजची आणखी माणसं.

“या, बसा. तुमीबी लिवून घ्या,” ती म्हणाली, आणि थांबलेली गाडी पुढं सुरू केली. आता मल्लेशची पाळी होती. “ह्यो दिसायला धडधाकट हाय. पर सातवीपातुर अंथरुणात करायचा. आन झुरळ बगितलं की आजबी खुर्चीवर चडतोय.”

पाहुणे लिहून घेत नव्हते, पण लक्ष देऊन ऐकत होते. बसूमामा स्कूटर सावलीला लावून आत आला, तेव्हा दानम्मा आत्याच्या दम्यापर्यंत पोचली होती. तो दारातच खाली बसला. वैरागकडची खरी मुलगी ही या गृहस्थांची पुतणी होती. त्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले, आणि ज्या वेगानं गेले त्यावरून त्यांनी काय कळवलं हे सगळ्यांना कळलं.

मॅडमनी पेन बंद केलं. असं कुटुंब नशिबानं मिळतं, म्हणाल्या, आणि सही करून गेल्या.

शिवलीला मागं रेंगाळली. तिला आता सगळा उलगडा झाला होता. ती मल्लेशकडं बघत होती आणि तो जमिनीकडं.

“काल मला खोटं सांगितलंत,” ती म्हणाली.

“सांगितलं.”

“का?”

“तुम्ही यायचं बंद केलं असतं.”

खाली बसून तिनं दानम्माचा पाय मांडीवर घेतला आणि जखम धुवायला सुरुवात केली.

“सातवीपर्यंत?” तिनं वर न बघता विचारलं.

“सहावी,” तो म्हणाला. “आई वाढवून सांगते.”

दानम्माला मोठ्या दवाखान्यात नेलं, गोळ्या बदलल्या, साखर बंद झाली. अभ्यास संपला होता, सही झाली होती, तरी शिवलीला मलमपट्टीला येत राहिली. परीक्षेत ती पास झाली. अंगठा सुकला. मग मात्र यायला काही कारण उरलं नाही, आणि ती आली नाही. मल्लेश दुकानात तार गुंडाळायचा आणि मधूनच वेढे मोजायचं विसरायचा.

एका भर उन्हाच्या दुपारी, सात रस्त्यावर लाईट गेलेली असताना, ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. साध्या ड्रेसमध्ये. घामानं ओलसर झालेली, जरा घाबरलेली.

“बाबा येतायत उद्या वैरागहून,” ती म्हणाली. “शेतातली मोटार घेऊन. तुमच्याकडंच आणा, असं मी सांगितलंय.”

मल्लेशनं काळे हात चिंध्यांना पुसले. पुसून ते होते तसेच राहिले.

“जळली का?”

“नाही. चालू आहे. चांगली पाणी ओढते.”

“मग मी तिच्यात काय बघू?”

ती रस्त्याकडं बघत राहिली. एक रिक्षा गेली, दुसरी गेली…

“तुम्ही काही बघू नका,” ती म्हणाली. “ते बघतील.”