मोर्णेकाठचा पांढरा मळा

खुशालरावांना या सोयरिकीतून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. अमरावतीच्या नत्थुजींची एकुलती एक मुलगी जयवंता सून म्हणून आली, की तिच्या पाठोपाठ काळी जमीन, बैलगाड्या आणि बाजारातली पत. त्यांच्या स्वतःच्या पदरात काय होतं? अकोल्यातली कापसाची दलाली, चंद्रभान नावाचा देखणा मुलगा आणि न थकणारी जीभ. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. अशा दिवसांत बिनशेताच्या दलालाकडे मुलगी देतो कोण!

म्हणून खुशालरावांनी मुलाची तसबीर अमरावतीला धाडली. मुंबईहून आलेल्या तसबीरवाल्यानं काढलेली. पुढे चंद्रभान, मिशीचा केस न् केस दिसावा इतका स्पष्ट. आणि मागे... पांढरे पांढरे गोल, एकावर एक लोटलेले, पार लांबवर.

"मोर्णेकाठचा मळा," निरोप्यानं सांगितलं.

कोकणातल्या माणसाला तिथे लाटांचा फेस दिसला असता. वऱ्हाडात त्या साली पांढरं म्हणजे कापूस.

"बोंडं पाहा, बोंडं!" नत्थुजी ओरडले, आणि साक्षगंधाचा, साखरपुड्याचा, दिवस ठरलासुद्धा.

जयवंतानं बोंडं पाहिली नाहीत. ती चेहरा पाहत राहिली. आवळलेल्या भुवया, घट्ट मिटलेला जबडा. सगळे त्याला रुबाब म्हणत होते.

"हा रुबाब नाही, राग हाये," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

त्याच पंधरवड्यात ती अकोल्याला माणिकबाई मावशीकडे गेली आणि हट्ट करून मळा पाहायला मोर्णा नदीवर निघाली. मळा नव्हताच. बाभळी होत्या, पानांतून चाळणीसारखं गळणारं ऊन होतं, झाडांपलीकडे परटानं वाळत घातलेली धोतरं होती. मावशी परटिणीशी बोलायला थांबली. आणि बाभळीखाली, नदीत खडे मारत — तोच चेहरा!

तिचं डोकं सणकलं.

"ओ दादा, हा मळा कोनाचा?"

"कोनता मळा?"

"हा काय! चांगला फुटून राहिला." तिनं धोतरांकडे बोट केलं.

तो ताडकन उठला. खडा हातातच राहिला. "तू... नत्थुजीची जयवंता?"

"तुमी लवकर ओळखलं. मी बी ओळखलं. तसबिरीत तोंड तेवढंच तं खरं हाये."

"मले नको बोलू. मी नाही केलं ते." त्याचाही आवाज चढला. "त्या यंत्राच्या भिंगाची रीतच तशी. माह्या डोळ्यावर नजर बांधली, का मांगचं सारं सुटून जाते. उन्हाचे ठिपके फुगून गोल होतात, धोतरं त्यात विरघळतात. तसबीरवाला गमतीनं बोलला, 'वा, क्या खेत है!' बाबा आधी हासले... मंग गप झाले. तेवाच मी समजलो."

"मंग बोलले काहून नाही?"

"तसबीर काढताना मानेमांग लोखंडी चिमटा होता. हालू नको म्हने."

"मानेले होता. जिभेले बी होता का?"

वाऱ्यानं एक ओलं धोतर फडफडत आलं, दोघांच्या मध्ये पडदा झालं. त्यानं ते बाजूला केलं... आणि ती हलली नव्हती.

"कसा दिसतो मी त्या तसबिरीत?" त्यानं हळूच विचारलं.

"रागीट."

"रागच आला होता. बाबाचा, आन् माहाच."

"मले तेवढंच आवडलं," ती बोलून गेली, आणि बोलल्याबद्दल स्वतःवरच चिडली. "जास्त खुश नका होऊ! साक्षगंधाले चारचौघांत खरं सांगा."

"सांगितलं तं सोयरीक मोडन."

"नाही सांगितलं तं मीच मोडीन."

ती फणकाऱ्यानं वळली. थोडं पुढे जाऊन तिनं मागे पाहिलं. तो हातात धोतर घेऊन तसाच उभा होता, अगदी स्पष्ट.

साक्षगंधाच्या दिवशी नत्थुजींच्या अंगणात तसबीर हातोहात फिरत होती. खुशालराव रंगात आले होते. "औंदा याच्या दुप्पट फुटन..."

"ते धोतरं हायेत," चंद्रभान म्हणाला.

फिरणारी तसबीर एका पाहुण्याच्या हातातच थांबली.

"परटाचे धोतरं. त्यातलं एक बाबाचंच हाये. मळा नाही, आमची दलाली हाये फक्त."

मग जे पेटलं! खुशालरावांनी मुलाला नालायक म्हटलं, नत्थुजींनी खुशालरावांना चोर. पानाचं तबक उलटलं, सुपाऱ्या अंगणभर झाल्या. पाहुणे पागोटी सावरत उठू लागले. तेवढ्यात जयवंता आतून तडक बाहेर आली, पदरही नीट न घेता.

"बाबा, तुमी कोनावर चिडून राहिले? बोंडं बोंडं कोन ओरडलं होतं?"

"पोरी, आत जाय!"

"नाही जात. तुमी सारे मांगचं पाहून राहिले होते. समोरचं मी एकटीनं पाह्यलं." तिनं चंद्रभानकडे पाहिलं. अजून रागानंच, पण ओठाचा कोपरा हलला. "मले हाच पाह्यजे."

नत्थुजी दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. जावयानं अमरावतीला राहून आपल्या शेतात राबावं, एवढी अट त्यांनी घातली.

तर या सोयरिकीची किंमत म्हणून कोणी काय भरलं? नत्थुजींची बाजारातली बढाई गेली. लोक त्यांना धोतराचा भाव विचारू लागले. जयवंताला साऱ्या गल्लीनं तोंडाळ ठरवलं. खुशालरावांची पत गेली. त्यांनी तसबीर परत मागितली, जयवंतानं दिली नाही. सगळ्यात जास्त भरलं चंद्रभाननं: बाप त्याच्याशी बोलेनासा झाला.

वेचणीच्या दिवसांत, खऱ्याखुऱ्या बोंडांमध्ये उभं राहून तिनं एकदा विचारलंच.

"महाग पडली का मी?"

त्यानं मानेवरून हात फिरवला.

"पडली. पन चिमटा निंगाला."