चक्की नंबर पाचचं कुलूप

वीजकेंद्र बंद होऊन आठ महिने झाले होते, तरी रोज सकाळी पाचला दहा कमी असताना माझे डोळे आपोआप उघडायचे. मी उठायचो, किटली लावायचो, ब्रेडमध्ये चीज आणि बीटाच्या चकत्या घालून डबा भरायचो आणि मग लक्षात यायचं, की कुठेच जायचं नाहीये. डबा फ्रिजमध्ये ठेवून खिडकीशी बसायचो. एकतीस वर्षं केंद्रातल्या कोळसा दळायच्या चक्क्या दुरुस्त केल्या. हाताला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिकायची इच्छाही नव्हती.

दुपारी डबा उघडावा तर तो रिकामा असायचा. मला वाटायचं, जनीन कामावर जाताना सँडविच घेऊन जात असेल. जनीन माझी बायको, ट्रॅरल्गनच्या वृद्धाश्रमात नर्स. तिला वाटायचं, मीच खातो. हा घोळ आम्हाला पुष्कळ उशिरा कळला, आणि कळल्यावरही आम्ही तो हसण्यावारीच नेला.

नोकरी गेल्याच्या भरपाईचे, पॅकेजचे पैसे हातात आले तेव्हा व्हॅलीतल्या, आमच्या कोळशाच्या खोऱ्यातल्या प्रत्येकाने काहीतरी मोठं आणि चाकांवर चालणारं घेतलं. माझा कामावरचा जोडीदार सॅव्ह झेराफाने होडी घेतली, तीही चाकांवर अंगणात उभी. आम्ही कॅरॅव्हॅन घेतली, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. देशभर फिरायचं, वर्षभर घरी यायचंच नाही, असं ठरलं होतं. पण दर महिन्याला मी काहीतरी खुसपट काढायचो. टायर नवे हवेत, ब्रेक ओढतायत, उत्तरेला पाऊस आहे. दाराशी उभी असलेली ती पांढरी गाडी बघितली की मी नजर वळवायचो. ती हलली म्हणजे सगळं खरंच संपलं.

शेवटी जनीनने नोकरीचा राजीनामा दिला.

"शनिवारी दहा वाजता मी स्टिअरिंगवर बसणार," ती म्हणाली. "तू आलास तर उत्तम. नाही आलास तर मी एकटी जाईन, रॉस. आठ महिने मी अर्ध्या माणसाबरोबर संसार करतेय. उरलेला अर्धा कुठे ठेवून आलायस कोण जाणे."

ती चिडली नव्हती. म्हणूनच मी घाबरलो. मी शब्द दिला.

तो सोमवार होता. त्याच दुपारी फोन आला.

"रॉस वेल्डकँप? मी नायरी. केंद्र पाडायचं काम आमच्याकडे आहे. चक्की नंबर पाचच्या स्विचवर तुमचं कुलूप लटकतंय. उद्या येऊन काढून द्याल का? गुरुवारी सुरुंग उडवायचेत, आणि कुलूप असेपर्यंत मला कुणी सही देत नाहीये."

आमच्याकडे यंत्राच्या आत शिरायचं तर आधी त्याचा स्विच बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं आणि नाव, तारीख, कारण लिहिलेली लाल चिठ्ठी अडकवायची. कुलपाला किल्ली एकच, ती आत शिरणाऱ्याच्या खिशात. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने कुलूप काढत नाही, तोवर त्या स्विचला कुणी बोट लावायचं नाही, मग खुद्द मॅनेजर का येईना. कुलूप विसरून घरी गेलेल्याला अंथरुणातून उठवून आणायचे, आणि वर त्याने सगळ्या पाळीला एक खोका बीअर पाजायची.

सॅव्हला सांगितलं तर तो फोनवर खदखदून हसला.

"खोका लागू झाला, लेका! एकतीस वर्षं आम्हाला नियम शिकवलेस, आणि जाता जाता स्वतःच माती खाल्लीस?"

"मी काढलं होतं, सॅव्ह. मला पक्कं आठवतंय."

"शेवटच्या दिवसाचं कुणाला काय आठवतंय! सगळे रडत होते. तू तर लॉकरला मिठी मारून रडत होतास." मग आवाज उतरवून म्हणाला, "रॉस, तुला पण पाचला जाग येते का रे?"

"पाचला दहा कमी."

"हं," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

मंगळवारी व्हॅलीत दाट धुकं होतं. धुराड्यांची फक्त बुडं दिसत होती. मी गाडीतून उतरलो आणि पहिल्यांदा मला त्या जागेची भीती वाटली. एकतीस वर्षांत तिथे कधी शांतता ऐकली नव्हती. आता माझ्या बुटांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता.

नायरी तिशीतली, न्यूझीलंडची, गालाला कोळसा लागलेली. ती मला चक्क्यांच्या दालनात घेऊन गेली. वरचे दिवे, तारा, सगळं उचकटून नेलं होतं. पाच नंबरच्या स्विचवर माझं लाल कुलूप होतं. मी ते एकदा जिन्यावरून पाडलं होतं, तो कोपऱ्यातला पोचाही होता. अक्षर माझंच. आणि चिठ्ठीवर तारीख होती त्याच दिवसाची, मंगळवारची.

"हेच मला विचारायचं होतं," नायरी म्हणाली. "शुक्रवारी आम्ही एकेक स्विच तपासला, तेव्हा हे नव्हतं. काल होतं. आणि काल त्यावर कालची तारीख होती. हा बघा फोटो."

आम्ही दर पाळीला चिठ्ठी नवी लावायचो. तो नियमच होता.

"फाटकावर माणूस असतो ना?" मी विचारलं.

"चोवीस तास. कुणी आत आलेलं नाही. तुमच्या मंडळींपैकी कुणी माझी फिरकी घेतंय का? घेत असेल तर आताच सांगा, मी रागावणार नाही."

मी मान हलवली. जुडग्यातली किल्ली हातात घेतली, पण कुलूप काढण्याआधी चक्की आतून बघायची असते. मी चक्कीच्या पोलादी अंगावर तळहात टेकला. ती ऊबदार होती. काम करून नुकतीच थांबल्यावर असते तेवढी ऊबदार. आणि आठ महिने तिला वीज नव्हती.

आत माणूस असेल तर बाहेरून एक ठोका द्यायचा, ही आमची जुनी रीत. आतून दोन ठोके आले तर काम चालू आहे. तीन आले तर बाहेर येतोय.

मी लग्नाच्या अंगठीने एक ठोका दिला. का दिला, सांगता येणार नाही.

आतून दोन ठोके आले.

"हे काय वाजलं?" नायरीने विचारलं. "पाइप थंड होताना वाजतात तसं?"

"हो," मी म्हणालो.

मी आत शिरायच्या झडपेच्या खिट्ट्या काढल्या आणि बॅटरी आत धरली. दळायची तीन मोठी चाकं, खाली चुऱ्याचा थर. आत कुणी नव्हतं. पण झडपेच्या आतल्या कडेवर, जिथे मी नेहमी पान्हा ठेवायचो, तिथे ब्रेडच्या कडा ओळीने मांडलेल्या होत्या. मी कडा कधीच खात नाही. त्यांच्या टोकांना बीटाचा लाल रंग लागलेला होता. मी बोट लावलं. ओला होता.

"आत कुणी नाही ना?" नायरी मागून म्हणाली. तिच्या हातात कागद होता. "तुमच्या हाताने लिहून द्यावं लागेल. चक्की रिकामी आहे असं."

मला शनिवार आठवला. जनीनचा थकलेला चेहरा आठवला. कुणाला काय सांगणार होतो मी? की थांबा, आत मी आहे?

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि सही केली.

किल्ली अलगद फिरली. मी झडप बंद केली, खिट्ट्या आवळल्या. शेवटची खिट्टी आवळत असताना आतून एकच ठोका आला.

तो विचारत होता.

मी उत्तर दिलं नाही. कुलूप भंगाराच्या पिंपात टाकलं, जुडगा खिशात घातला आणि गाडीपर्यंत मागे न बघता गेलो.

गुरुवारी दुपारी अख्खं गाव टेकडीवर जमलं होतं. लोकांनी खुर्च्या आणल्या होत्या, कुणीतरी सॉसेज भाजत होतं. भोंगा झाला, चारही धुराडी एकामागून एक गुडघ्यात वाकली आणि चक्क्यांचं दालन त्यांच्याखाली गेलं. मग आवाज पोचला. सॅव्ह टोपीत तोंड लपवून रडला. मला रडू आलं नाही. जनीनने माझा हात धरला आणि मी तो घट्ट दाबला. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

शुक्रवारी मी आठ वाजेपर्यंत झोपलो. डबा भरला नाही. जनीन मला बघून गालातल्या गालात हसत होती.

"आलास का परत?" ती म्हणाली.

शनिवारी छान ऊन पडलं. सॅव्ह निरोप द्यायला आला, बीअरचा खोका माझ्याकडून वसूल करून घेऊन गेला. जनीन दहाला पाच मिनिटं असतानाच स्टिअरिंगवर जाऊन बसली. मी कॅरॅव्हॅनची जोडणी तपासली, साखळी ओढून बघितली, मागचे दिवे बघितले आणि दार नीट लागलंय का बघायला बाजूला गेलो.

दाराच्या कडीला लाल कुलूप होतं.

कोपऱ्यात पोचा. खाली लाल चिठ्ठी. माझं नाव, माझं अक्षर, आजची तारीख. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: आत काम चालू आहे.

"रॉस, झालं का रे?" जनीनने पुढून हाक मारली. "गाडी सुरू करू?"

माझा हात आपोआप वर गेला. अंगठीचा एक ठोका पत्र्यावर वाजला.

आतून दोन ठोके आले. सावकाश, काही घाई नसल्यासारखे.

"रॉस?"

मी खिशातून जुडगा काढला. घराची किल्ली होती. शेडची होती. सॅव्हच्या होडीची जास्तीची किल्लीही होती.

कुलपाची नव्हती.