जोडीचा स्कॅन

बस, सांगते. पण मध्येच "भास झाला असेल" म्हणायचं नाही. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

मी एमआरआयची तंत्रज्ञ. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया. सात वर्षं, पाच डॉक्टर, औषधांचा ढीग आणि गुण शून्य. शेवटी आमच्याच रुग्णालयात नव्या औषधाचा अभ्यास निघाला. अट एकच, रुग्ण आणि त्याचं निरोगी सख्खं भावंड, दोघांच्या मेंदूचे स्कॅन हवेत. कुठला भाग आक्रसलाय, कुठलं रसायन वाढलंय, ते जोडीने ताडून बघतात. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला यादी बंद होणार होती. जोडी पुरी झाली नाही, तर औषध नाही.

आणि हा पठ्ठ्या यंत्रात हलत होता! एकदा नाही, तीनदा. दर वेळी पडद्यावर मेंदूच्या कडा दुहेरी.

"अरे, दहा मिनिटं गप पडायला काय होतं तुला?" मी माइकवर खेकसले.

"मी नाही हलत गं, ताई," तो आतून म्हणाला. "ती कानाशी वाकते ना... तिचा धक्का लागतो."

ती म्हणजे त्याच्या कानात बोलणारी बाई. सात वर्षं तिचं पुराण ऐकतेय मी! डोकंच फिरलं माझं. चौथ्यांदा चित्र एकदाचं नीट आलं.

मग माझी पाळी. माझा सहकारी बटणांपाशी बसला, भाऊ काचेपलीकडे त्याच्या शेजारी. माझं डोकं उशांमध्ये घट्ट अडकवलं होतं. यंत्राची ठकठक सुरू झाली. ती तर मी रोज ऐकते, मला काय त्याचं! पण आत ओल्या लोकरीसारखा वास येत होता. आणि उजव्या कानावर कोमट श्वास...

"मॅडम, तुम्हीसुद्धा?" सहकारी वैतागला. "हलू नका हो."

"मी नाही हलले."

बोलून गेले आणि लक्षात आलं, हे तर भावाचेच शब्द. पुन्हा घेतला स्कॅन, पुन्हा बिघडला. सव्वापाच होऊन गेले. मला रडूच यायला लागलं, भीतीने नव्हे, संतापाने. इतकी वर्षं मी धावायचं आणि आता माझ्यामुळेच त्याचं औषध जायचं?

माइक खरखरला. या वेळी भाऊ होता.

"ताई... तिला जरा जागा दे. मग नाही लागत धक्का."

डोकं जखडलेलं, सरकणार कुठे? मनातल्या मनात म्हटलं, ये बाई, ये एकदाची.

चित्र लख्ख आलं. पाच अठ्ठावीसला आमची जोडी यादीत चढली.

भाऊ धावतच आत आला. चेहरा कसा मोकळा, कित्येक वर्षांत पाहिला नव्हता तसा. त्याने तोंड उघडायच्या आधीच माझ्या उजव्या कानात एक बाई म्हणाली, "आज किती शांत वाटतंय गं, ताई..."

मग तो तेच म्हणाला.