बेल्ट कुरकुरतोय…

वर्कशॉपच्या दारातच कुणाची तरी गाडी बंद पडली आणि ठिणगीचं टाळकं सटकलं. बाहेर पाऊस रिपरिपत होता, तिला सामान आणायला निघायचं होतं आणि ही लाल गाडी दार अडवून ढिम्म!

ठिणगी हे बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. वर्कशॉप दोघं मिळून चालवायचे. लेथ बाबांचा, वेल्डिंग तिचं.

“काढा ती गाडी!”

“काढली असती हो… पण ती माझं ऐकेल तर ना!” चष्मा पुसत एक तरुण खाली उतरला. शाळेत चित्रकला शिकवतो म्हणाला.

तिने बॉनेट उघडलं आणि बघतच राहिली. मास्तरांनी साध्यासुध्या इंजिनाला चक्क ताकद वाढवणारा टर्बो बसवला होता… स्वतःच्या हातांनी, अगदी सुबक! फक्त त्या तापून लाल होणाऱ्या टर्बोला खेटून बिचारा अल्टरनेटर बसला होता. बॅटरी चार्ज करायची सोडून पार करपला होता.

“याआधीही जळलाय ना?”

“दोनदा,” मास्तर ओशाळले.

“म्हणजे तुम्ही अल्टरनेटर वापरत नाही, भाजून खाता!”

मास्तर खळखळून हसले. गालाला खळी पडली. ठिणगीने घाईघाईने पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

“याची जागा बदलायला हवी. खाली, दुसऱ्या बाजूला, टर्बोपासून लांब. बसवायला नवा ब्रॅकेट, फिरवायला नवा बेल्ट.”

“रविवारच्या आत होईल? डोंगरावरची शर्यत आहे. कित्येक वर्षं या गाडीवर राबतोय, नाव मात्र पहिल्यांदाच दिलंय.”

“मग बघत काय उभे राहिलात? बाह्या सरसावा!”

मास्तरांनी पुठ्ठ्यावर ब्रॅकेटचा आकार काढून कापला, तिने तो पत्र्यातून कापून जोडला. मग बेल्टच्या दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे पाहायला ती एका बाजूने वाकली, मास्तर दुसऱ्या बाजूने. मध्ये पुल्या होत्या खऱ्या, पण नजर भलतीकडेच भिडली.

“आहेत… एका रेषेत?” तिने विचारलं.

“कोण?”

“पुल्या!”

“हो हो… पुल्याच!”

काम झालं. झकास झालं. आणि तिथेच घोळ होता — आता मास्तर परत कशाला येतील? गाडी देताना ठिणगीने बेल्टच्या ताणाचा बोल्ट हळूच, अगदी किंचित सैल केला.

दुसऱ्या दिवशी मास्तर हजर. “बेल्ट कुरकुरतोय…”

“हो का? बघू!” तिने आवळला. आणि निघताना पुन्हा किंचित…

असं रोज चाललं. शनिवारी मात्र तिने ठरवलं — पुरे झाला पोरकटपणा, आज बोल्ट पक्का आवळायचा. दुपारी जादाचा बेल्ट आणायला बाजारात जाऊन आली आणि वाट बघत बसली. मास्तर काही फिरकले नाहीत.

रविवारी पाना आणि तो जादाचा बेल्ट घेऊन ती शर्यतीला धावली. पोचली तोवर झेंडा पडला होता. लाल गाडी किंचाळत वळणाआड गेली. ठिणगी तशीच चढावरून मागोमाग धावली.

गाडी शेवटच्या चढावर निपचित पडली होती. बेल्ट उडून गेला होता, आणि वजन वाचवायला बसवलेल्या चिमुकल्या बॅटरीने मान टाकली होती. मास्तर बॉनेटला टेकून उभे होते. डोळे भरून आले होते.

“माझ्यामुळे झालं,” ठिणगी धापा टाकत म्हणाली. “बोल्ट मी सैल ठेवत होते. म्हणजे तुम्ही… परत यावं म्हणून.”

मास्तरांनी चष्मा काढला. पुन्हा घातला.

“पण घरी गेल्यावर मीही थोडा सैल करायचो. न जाणो, कुरकुर थांबली तर? काल आवळून घ्यायलाच आलो होतो. तुम्ही नव्हतात. बाबांनी आवळला ना!”

“बाबांनी? मला बोलले नाहीत!”

एवढ्यात बाबाच चढ चढून आले. दोघांचे चेहरे बघून जागीच थबकले.

“बाबा, काल बोल्ट आवळलात ना?”

बाबा डोकं खाजवू लागले. “म्हणजे… मला वाटलं, मास्तरांचं येणं बंद झालं तर तू पुन्हा दिवसभर माझ्यावर खेकसशील. म्हणून जरासा… उलटा फिरवला.”

मास्तरच आधी हसले, पोट धरधरून. ठिणगी मात्र रडवेली झाली होती.

“तुमची शर्यत गेली हो…”

“गेली. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?” मास्तर जवळ आले. “पण खरी पंचाईत वेगळीच आहे. आता गाडी धड होणार. मग उद्या काय सांगून येऊ?”

ठिणगीने मान खाली घातली. “काही सांगायलाच हवं का? या ना… असेच.”

“रोज?”

“रोज. आणि रविवारी जरा लवकर…”

बाबा खाकरले. त्यांनी तिच्या हातातला पाना घेतला. “चला, मी बेल्ट चढवून घट्ट आवळतो—”

“तुम्ही नको!” दोघं एकदम ओरडले.