काळजातले हिरवे ठिपके

ती रोगनिदानाची डॉक्टर. माणसांपेक्षा काचपट्ट्यांशीच तिचं जास्त जमायचं. आईच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हा काढलेला मांसाचा तुकडा तिने स्वतःच तपासायला घेतला. बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात मागे राहतात, त्यावरच तिचं काम चाललं होतं. बाळ मुलगा असेल, तर खास रंग दिला की त्याची पेशी हिरव्या ठिपक्याने ओळखू येते.

एरवी एखाददुसरा ठिपका सापडायचा. आईच्या तुकड्यात ठिपकेच ठिपके होते.

तिच्याआधी आईला मुलगा झाला होता, जन्मताच गेलेला. बाप्तिस्मा राहून गेला, देवाच्या घरी त्याला जागा मिळाली नसेल, हा सल आईने आयुष्यभर बाळगला.

"आई, त्याच्या पेशी तुझ्या हृदयात आहेत. जिवंत."

भाजी निवडणारे आईचे हात थांबले. "म्हणजे चर्चमध्ये मिस्साला मी पवित्र भाकर खाते, ती त्यालाही पोचते?"

"तुझ्या रक्तावरच जगतात त्या. पोचणारच."

"मग इतकी वर्षं उगाच रडले गं मी!"

आईचा चेहरा इतका सैल झालेला तिने कधी पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर आई म्हणाली, "छातीत गुदगुल्या होतायत."

तिने स्टेथोस्कोप लावला. आईचा ठोका संथ, नव्या झडपेच्या टकटकीसह. त्याच्यामागे आणखी एक. हलका, दुप्पट वेगाचा. गर्भारणीच्या पोटावर ऐकू येतो तसा.

हृदयतज्ज्ञांच्या आलेखात काहीच आलं नाही. "प्रतिध्वनी असेल," ते म्हणाले. पण कानातल्या नळ्या काढायला त्यांनी बराच वेळ लावला.

आई मात्र जेवताना दोन घास जास्त खाऊ लागली.

हिवाळ्यात एका दुपारी आई झोपेतच गेली. फादर आले तेव्हा हातपाय गार पडले होते. नाडी नव्हती. बुबुळं स्थिर होती. ती आईच्या छातीवर स्टेथोस्कोप धरून बसली होती.

"प्रार्थना सुरू करू?"

"फादर, आधी बाप्तिस्मा द्या."

"कुणाला, पोरी?"

तिने नळ्या त्यांच्या हातात दिल्या.

फादरांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग पेलाभर पाणी मागितलं.

त्यांनी बोटं बुडवली, हलक्या आवाजात शब्द उच्चारले.

खोलीत वारा नव्हता. पलंगाला कुणाचा स्पर्श नव्हता.

आईच्या गार छातीवर पडलेला थेंब भरभर थरथरत होता.