त्याच्या ताटातल्या गुठळ्या

इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा जेवणं आटोपत आली होती. केस पावसाने भिजलेले, गळ्यात एक्स-रे विभागाचं ओळखपत्र. तिने वाढलेला मॅश पोटॅटो त्याने निरखून पाहिला आणि विचारलं, “आज कुठली भिंत लिंपताय?”

तिच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. पण खोटं काय होतं त्यात? इथे बटाटा यायचा तो पावडर होऊन, पिशवीतून. गरम पाणी ओता, ढवळा, वाढा, असा मालकाचा हुकूमच होता. तरी मेलं ते बोलणं काही डोक्यातून जाईना... आणि बोलणाऱ्याचे हसरे डोळेही.

दुसऱ्या दिवशी तिने पाण्याऐवजी दूध घातलं. मग लोण्यात परतलेली लसूण घालून पाहिली, मिरपूड घातली. चव सुधारली, पण जिभेला लागायची ती खळच. शेवटी आई म्हणाली, अगं, एक खरा बटाटा कुस्कर त्यात, आणि फार घोटू नकोस. घरचं म्हटलं की दाताखाली काहीतरी यायला हवं.

तेव्हापासून ती रोज घरून डब्यात एक उकडलेला बटाटा आणू लागली. एकच. सगळ्यांना कुठून पुरणार? तो फक्त त्याच्या ताटात जायचा, मऊ मऊ गुठळ्या होऊन. तो ताट चाटूनपुसून साफ करायचा, खिडकीत आणून ठेवायचा आणि “येतो हं” म्हणून हसायचा. बस्स. माणसाच्या आतली हाडं दिसतात याला, आणि समोरचा एवढा बटाटा दिसू नये! त्याच्या एका शब्दासाठी तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

अशात कळलं, त्याची बदली झाली. दूरच्या शहरात, सोमवारी हजर व्हायचं. ऐकलं आणि तिच्या हातातला डाव हातातच राहिला.

शेवटच्या दिवशी तो ताट ठेवायला आला, तेव्हा खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं. तिने सगळं बळ एकवटलं.

“एक विचारू? कसं लागायचं... माझ्या हातचं?”

तो घुटमळला. “रागावणार नाही ना? तुमचं ढवळणं जरा कच्चं आहे. रोज गुठळ्या राहायच्या.”

“मग — संपवायचात कशाला?”

“ताटात उरलं असतं तर मालक तुम्हाला बोलले असते.”

तिला हसावं की रडावं कळेना. तिने डबा उघडून उरलेला अर्धा बटाटा त्याच्यापुढे धरला आणि सगळं सांगून टाकलं. घरून आणते, एकच आणते, एकाच ताटासाठी. त्याचे कान लालबुंद झाले.

“मला गुठळ्या अजिबात आवडत नाहीत,” तो हळूच म्हणाला. “आमची आई एकसुद्धा राहू द्यायची नाही.”

“मग आता तिकडे सुखाने जेवा.”

“तेच तर... तिकडे कुणासाठी जेवू? मला तू आवडतेस गं.”

बदली काही रद्द झाली नाही. सोमवारी सवयीने तिने बटाटा उकडायला ठेवला, आणि मग आठवून तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. घर एकदम ओकंबोकं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

“पावडर आणलीय, दूधही तापवलंय,” तो सांगत होता. “पण गुळगुळीतच होतंय गं सगळं. गुठळ्या कशा ठेवायच्या, सांग ना.”